निळ्या ठिपक्यांच्या कुरडया

उन्हानं कुठलीही वस्तू टिकते, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. लोणच्याला ऊन, डाळीला ऊन, गादीला ऊन, हळकुंडाला तर विचारूच नका! म्हणून कुरडया घालायचा निळा प्लास्टिकचा कागदही मी पाच वर्षं बारा महिने गच्चीवरच पसरून ठेवला. (चार कोपऱ्यांना चार दगड. सांगलीचं ऊन फुकट मिळतंय, तर खाऊ दे की!)

यंदा कुरडया होत्या सुनेच्या आईसाठी, म्हणजे साताऱ्याच्या विहीणबाईंसाठी. त्यांच्या मुलाचा साखरपुडा. मीच फोनवर छातीठोक सांगितलेलं, "कुरडईचं तुमी बघू नगा!" दिवाळीत त्यांनी पालकाच्या हिरव्या पापड्या पाठवल्या होत्या, लय झकास. त्यांच्यापुढं आपलंही नाक वर राहायला हवं ना!

वाळत घातल्यावर तिसऱ्या दिवशी पहिली कुरडई उचलली. कागदासकट आली! दुसरी उचलली, तर खालच्या कागदाचा नुसता भुगा! मुलाला हाक मारली.

"आई, उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या आतल्या साखळ्या तोडत्यात. पार ठिसूळ हुतं ते."

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय रं?"

"सांगितलं हुतं! तवा म्हणालीस, ऊन लागू दे, घट्ट हुईल!"

(म्हणाले असेन. मी काय कमी बोलते?)

भुवया कोरायचा चिमटा घेऊन निळे कण वेचत बसले. एका कुरडईला पाऊण तास! तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. विहीणबाई! कुरडया न्यायला एक दिवस आधीच!

"आगं बया, निळे ठिपके! ह्यो नवा प्रकार काय वो?"

"व्हय... गोकर्णाची फुलं घातलीत," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"लय भारी!" म्हणत त्या भराभर पिशवीत भरायलाच लागल्या. डोळ्यांपुढं साखरपुड्याची पंगत आली, सगळे पाहुणे कुडुमकुडुम माझा कागद खातायत! पिशवी हिसकावलीच.

"आवं, ठेवा ती! गोकर्ण न्हाई, प्लास्टिक हाय त्ये! कागद उन्हानं कुजलाय माझा!"

विहीणबाई मटकन खाली बसल्या. म्हटलं, संपली सोयरीक! तर त्या हसायला लागल्या, डोळ्यांना पदर लावेपर्यंत.

"विहीणबाई, रागावू नगा. दिवाळीच्या त्या पापड्यांत पालक नव्हता. आमचा कागद हिरवा हाय."

त्या पापड्या मी मिटक्या मारत खाल्ल्या, गल्लीत वाटल्या, आणि वर फोन करून विचारलं होतं, "पालक चिरून घालता का वाटून?"

"वाटून," म्हणाल्या होत्या. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलंय!