फ्यूजच्या जागी तार

माझ्या मुलीला लहानपणच्या आजारानंतर पाय साथ देत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक तिच्याविषयी बोलायला लागले की इथेच येऊन थांबतात. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. फ्रेमच्या मापाला काच आणायची, ती बसवायची आणि कडेचा टवका उडू द्यायचा नाही. हात स्थिर, जीभ तिखट. घरात तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो, कारण घरात काहीही नवीन आलं की ती ते आधी उलटं करून खालून बघते.

तिच्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीची बॅटरी फुगली. जिथून खुर्ची घेतली होती तिथे मी फोन केला.

"ते मॉडेल बंद झालं, मॅडम. त्याची बॅटरी येत नाही. नवीन खुर्ची घ्या."

"अहो, खुर्ची धडधाकट आहे. मोटर चालतेय. चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदला म्हणतं का?"

"तुम्ही चिडताय, मॅडम."

चिडू नको तर काय करू? खुर्ची बनवताना हिची बॅटरी कधीतरी संपणार हे ह्यांना माहीत नव्हतं? आठवडाभर तिच्या बाबांनी तिला साधी खुर्ची ढकलत दुकानात नेलं. वाटेतल्या चढाने त्यांची कंबर धरली. मग मी ढकलू लागले, तर ही म्हणाली, "मी पार्सल नाही, आई." आणि घरी बसली. दुकानाच्या मालकांनी निरोप पाठवला: काम साचलंय, सोमवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर दुसरं कुणीतरी ठेवतो. इतकी वर्षं तिने त्यांच्या काचा घासल्या, त्याची किंमत सोमवारपर्यंत!

"मी बॅटरी बांधते," ती म्हणाली.

पेटलेल्या बॅटऱ्यांचे व्हिडिओ मीही बघते. पण ती इन्स्पेक्टर आहे, हे मी विसरले होते. फुगलेली जुनी बॅटरी तिने आधी घराबाहेर काढली, कचऱ्यात न टाकता तसलं सामान गोळा करणाऱ्या केंद्रावर पाठवली. नवे सेल मागवले, सगळे एकाच लॉटचे. प्रत्येक सेल मीटरला लावून बघितला, मग चार्ज करून नुसता ठेवून दिला. दोन दिवसांनी पुन्हा मोजल्यावर ज्याचा विजेचा दाब खाली आला, तो बाद.

ह्यात आमचे भाऊजी आले. माझे दीर, घराघरांतलं वायरिंग करण्यात आयुष्य गेलेले. पिशवी घेऊन आले. आत जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल.

"नवीन कशाला? हे घे, फुकटात."

"काका, ह्यांच्यातला कोण आजारी आहे ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "एक आजारी निघाला तर बाकीच्यांना घेऊन जाईल."

"बॅटरी बांधतेयस की दवाखाना चालवतेयस?"

"दवाखाना नको म्हणूनच."

अंगठी आणि घड्याळ काढून ती कामाला बसायची, कारण सेलच्या दोन टोकांवर धातू पडला तर क्षणात लाल होतो. सेल प्लास्टिकच्या जाळीत बसवले, एकमेकांना न टेकणारे. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला जाड कागदाची चकती. पट्ट्या जोडायला सोल्डरिंगची डागणी वापरली नाही, त्या उष्णतेने सेल बिघडतो म्हणून. दुचाकी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून पट्टी क्षणात चिकटवणारं स्पॉट वेल्डर यंत्र मागून आणलं. वर संरक्षणाचा सर्किट बोर्ड, जो जास्त चार्ज झालं की वीज तोडतो, जास्त उतरलं की तोडतो. आणि त्याच्याही पुढे, बाहेर जाणाऱ्या वायरवर फ्यूज.

"बोर्ड आहे ना, मग फ्यूज कशाला?" मी विचारलं.

"एकावर भरवसा ठेवायचा नसतो."

चार्जिंग गॅलरीत, फरशीवर, जवळपास पडदा नाही की कागद नाही. त्याच बॅटरीसाठी असलेला चार्जर, दुसरा नाही. आणि कुणीतरी जागं, जवळ बसलेलं. ते कुणीतरी म्हणजे मी, वाळूची बादली घेऊन. तिचे बाबा म्हणाले, "दूध तापत ठेवल्यावर तरी अशी उभी राहत जा." मी बादली आणखी जवळ ओढली.

रविवारी संध्याकाळी खुर्ची चालली. ती बसली, गल्लीत थोडी पुढे गेली, आणि खुर्ची गप्प. फ्यूज उडाला होता. आम्ही तिला ढकलत घरी आणलं. "सकाळी बघते," एवढंच बोलून ती आत गेली. चेहरा पडला होता. सोमवार उद्यावर आला होता.

फ्यूज उडाल्याचं ऐकून सकाळीच आलेले भाऊजी दारात खुर्चीपाशी उभे, हसतमुख. "झालं काम! आत्ताच मी रिकामी चालवून बघितली. घोड्यासारखी पळतेय."

ती बसायला सरकली आणि तिने सवयीने वाकून खाली बघितलं. फ्यूजच्या पारदर्शक टोपणाखाली तांबं चमकत होतं.

"काका, हे काय?"

"तुझा तो फ्यूज नाजूक होता गं. चांगली जाड तार टाकलीय. आता उडायचं नाव घेणार नाही."

"तो उडाला पाहिजे म्हणूनच तर आहे!"

"लाइट गेले की आम्ही असंच करतो. अजून एकही घर जळालं नाही."

"वहिनी," भाऊजी माझ्याकडे वळले, "पोरीला सांगा, दहाला दुकान उघडतं. नोकरी घालवते आता हट्टापायी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊजी, त्या सीटवर तुम्ही स्वतः बसणार आहात का? पेटलं तर तुम्ही उठून पळाल. ती कशी पळेल?"

भाऊजी रुसले. मदत केली तर वर बोलणी, असं पुटपुटत निघून गेले.

तिने दुकानात फोन केला, आज येत नाही. पलीकडून काय ऐकलं ते तिने सांगितलं नाही. तार काढली, बॅटरी वेगळी केली, आणि फरशीवर आडवी होऊन टॉर्चने एकेक वायर बघत गेली. दुपारी सापडलं. सीट घडी घालायच्या बिजागरीत लाल आणि काळी, दोन्ही वायरी चिमटल्या होत्या. वरचं आवरण कापलं गेलेलं. खुर्ची रिकामी असताना काही नाही, पण माणूस बसला की बिजागरी दाबली जाऊन आतलं तांबं तांब्याला टेकत होतं. म्हणूनच भाऊजींच्या हाती खुर्ची घोड्यासारखी पळत होती!

तिने वायरी बदलल्या, बिजागरीपासून लांबून नेल्या, नळीत घालून बांधल्या. नवा फ्यूज, पहिल्याइतकाच. मग वर स्वतः बसून गल्लीच्या चढावरून खालीवर केलं. बराच वेळ. फ्यूज शाबूत.

मंगळवारी ती एकटी गेली. मी मागून गेले, हे तिला कळलं असणार. चढावर तिने वेग वाढवला. मी धापा टाकत दुकानापाशी पोचले तेव्हा मालक काउंटरमागून बोलत होते.

"काल यायचं ठरलं होतं."

"काल आले असते तर भाजून आले असते."

"घरी बांधलीस म्हणे? माझ्या दुकानात काही झालं तर?"

ज्या माणसाने तिला एक दिवस जास्त दिला नाही, तो आता काळजी सांगत होता. मी आत शिरणारच होते. पण तिने मला काचेतून पाहिलं, आणि मान हलवून तिथेच थांबवलं.

"इथे चार्ज करणार नाही," ती त्यांना म्हणाली. "साचलेल्या काचा कुठे आहेत?"

त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. ट्रे एकावर एक चढले होते. जागा रिकामीच होती. मिळालं नव्हतं त्यांना कुणी. ते अजून बोलत होते, नियम, जबाबदारी, वगैरे. तिने घासायचं चाक सुरू केलं. त्यांनी आवाज चढवला. तिने चाकावर काच टेकवली, आणि मग त्यांचं काही ऐकूच येईना.