आमचं कांद्याचं सूप

गेल्या शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. हे जाऊन दहा महिने झाले. तरी मुलीला घेऊन नेहमीच्या फ्रेंच बिस्त्रोत गेले...

इथे जर्मनीत, हाइलब्रॉनला चर्चमागच्या बोळात ते छोटंसं हॉटेल आहे. सात टेबलं, बाहेर धड पाटीही नाही. ह्यांची नोकरी जवळच नेकारसुल्मला, त्यामुळे सतरा वर्षं दर वाढदिवसाला आम्ही तिथेच. मेन्यू हे वाचायचे, ऑर्डरही हेच द्यायचे. मी फक्त कांद्याच्या सूपची वाट बघायचे. आम्ही बीफ खात नाही, पण इथलं सूप भाज्यांच्या स्टॉकमधलं, म्हणजे भाज्या उकळून काढलेल्या पाण्यातलं, असं ह्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

ते सूप यंदा नीट घशाखाली उतरलं, तर बाकीचंही जमेल... असं उगाच मनात धरून गेले होते.

रिया इथेच वाढली. मराठी समजतं, पण बोलते जर्मनच. मी सवयीने मेन्यू तिच्याकडे सरकवला, तर म्हणाली, "नाइन, मामा. आज तू." पहिले दोन जर्मन, म्हणजे 'नाही, आई', पण शेवटचे दोन शब्द चक्क मराठीत!

मी दोन सूप सांगितली. मालकीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "हे तुम्हाला चालणार नाही. यात बीफ स्टॉक आहे."

"पण आम्ही तर दरवर्षी घेतो..."

"दरवर्षी तुमचे मिस्टर आदल्या दिवशी फोन करतात. मग मी तुमच्यासाठी वेगळं पातेलं चढवते. या वेळी फोनच आला नाही."

ते आता नाहीत, हे मला सांगावं लागलं. मालकीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

सतरा वर्षं मी समजत होते, इथलं सूपच तसं असतं. घरी एका शब्दाने बोलले नाहीत हे.

"बाबांनी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला उगाच त्यांना त्रास," रिया जर्मनमध्ये म्हणाली. हसत होती, डोळेही पुसत होती. खरंच, मी अगदी हेच म्हटलं असतं.

त्या दिवशी आम्ही ऑम्लेट खाल्लं. चांगलं होतं... पण सूप राहिलं.

काल मी स्वतः बिस्त्रोत फोन केला. फोनवर जर्मन बोलायला मला अजून धाकधूक होते, म्हणून वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली. कागदाची गरजच पडली नाही. नाव सांगताच पलीकडून आवाज आला, "गेनाऊ, अगदी बरोबर! दोन सूप, भाज्यांचा स्टॉक. उद्या या."

आज दुपारी जाऊन आलो. वरचा पाव, वितळलेलं चीज, खाली तो गोडसर कांदा... चव तीच. मी बाउल पुसून संपवला. रियाने तिच्यातलं थोडं मला दिलं, तेही संपवलं.

अहो, सूप छान होतं. पुढच्या वर्षी फोन मी करीन.