आप्पांची गिटार मी मिरजेला नेली

माझ्या वडिलांनी आयुष्यात मनापासून जीव लावला असेल तर तो तीन गिटारींना. आई, मी आणि माझी धाकटी बहीण यांचा नंबर त्यानंतर लागायचा, आणि तोही लागायचाच असं नाही.

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आजोबांची सांगलीत हळदीची अडत होती. त्या अडतीत बसायचं सोडून आप्पा ऑर्केस्ट्रात गेले आणि विजेवरची गिटार घेऊन आले. आमच्या भागात तोवर तसलं वाद्य कुणी पाहिलं नव्हतं. लोक तिला करंटची गिटार म्हणायचे. एका गणपतीत स्टेजवर आप्पांनी रॉक अँड रोल सुरू केलं. आधी गुडघ्यावर बसले, मग पाठीवर आडवे पडून वाजवता वाजवता पाय झाडायला लागले. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं, गड्याला शॉक बसला. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि कुणीतरी वाळक्या काठीने ढोसून आप्पांना वायरीपासून लांब ढकललं. ही गोष्ट आप्पा पुढे पन्नास वर्षं रंगवून सांगत राहिले. ऐकणारे हसून लोळायचे. मी मात्र मनातल्या मनात कायम त्या काठीवाल्याच्या बाजूचा असायचो.

कारणं होती. मी बारा वर्षांचा असताना, आप्पा घरात नसले की चोरून गिटार घ्यायचो. बोटं सोलवटून घेत एक गाणं बसवलं. एके दिवशी त्यांची मित्रमंडळी जमली होती, तेव्हा धीर करून ते वाजवून दाखवलं. आप्पांनी अर्ध्यातच गिटार काढून घेतली. "ह्ये ऐकून गोठ्यातली म्हस आटंल रं," म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी माझ्यासमोर स्पिरिटच्या बोळ्याने तारा पुसून घेतल्या. मी पुन्हा कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. पुढे इस्लामपूरला साखर कारखान्यात चिकटलो आणि तिथेच घर केलं.

दुसरं कारण आईचं. काही वर्षांपूर्वी महापूर आला, तेव्हा आई आणि आप्पा सांगलीच्या घरात अडकले होते. बोट गॅलरीला लागली. बोटवाले म्हणाले, माणशी एकच नग. आप्पांनी स्वतःचा नग म्हणून सगळ्यात जुनी, लाल गिटार घेतली. आईची पिशवी बोटीत ठेवलेली होती. ती उचलून त्यांनी परत गॅलरीत टाकली आणि तिच्या जागी गिटारीचा अॅम्प्लिफायर ठेवला. त्या पिशवीत माझ्या बहिणीचा फोटो होता. ती पाच वर्षांची असताना गेली. तिचा तो एवढा एकच फोटो घरात होता. पाणी ओसरल्यावर पिशवी सापडली नाही. उरलेल्या दोन गिटारी चिखलात फुगून फाकलेल्या मिळाल्या, आणि आप्पा त्यांच्यासाठी मोठ्याने रडले. आई त्यांच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलली. दोन वर्षांनी ती गेली आणि मी आप्पांना माझ्याकडे घेऊन आलो. लोक म्हणाले, मुलगा गुणी आहे.

साखरेने आप्पांची नजर खाल्ली. आता उजेड-अंधार एवढंच कळतं. पण गिटार मांडीवर दिली की गडी बदलायचा. तिच्या मानेवर त्यांच्या अंगठ्याने घासून घासून खळगा पडला होता. कोपर टेकतं तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते आणि वरच्या टोकाला विडीने जळालेला एक डाग. ते त्या खुणा चाचपत जायचे आणि प्रत्येक सूर बरोबर जागेवर सापडायचा. "ह्येच माजं डोळं," असं म्हणायचे. तेवढं खरं होतं, मी ते रोज बघत होतो.

मग सांगलीच्या जुन्या कलावंतांनी त्यांचा सत्कार ठरवला. शाल, नारळ आणि आप्पांनी एक गाणं वाजवायचं. म्हातारा हरखून गेला. दिवसातून चारदा मला विचारायचा, किती दिवस राहिले. अडचण एकच होती, गिटारीच्या आतली वायर सुटून आवाज खरखरायला लागला होता. मी मिरजेला एका सतारमेकरांकडे न्यायची ठरवली.

"निस्ती तार जोडून आण," आप्पा म्हणाले. "बाकी कुटं हात लावू द्यायचा न्हाई. सांग त्येला. इसरू नगंस."

मी विसरलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे 'मी विसरलो' असं मीच स्वतःला सांगून बघितलं होतं.

मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत एक रीत आहे. वाद्य दुरुस्तीला आलं की ते नव्या नवरीसारखं नटूनच परत जायचं. काचेच्या तुकड्याने जुनं पॉलिश खरवडायचं, लाकूड घासून गुळगुळीत करायचं, खळगे बुजवायचे आणि चपडा लाखेचे हात देत राहायचे. गिऱ्हाइकाला डागाळलेलं वाद्य परत देणं म्हणजे त्यांना स्वतःच्या घराण्याचा अपमान वाटतो. कारागीर सत्तरीचे होते, माणूस देवासारखा. त्यांनी गिटार उलटसुलट केली, खळग्यावरून बोट फिरवलं आणि हळहळले.

"वायर भाचा जोडून देईल. पण फार हाल केलेत हो हिचे. बाकीचं काय करायचं?"

आप्पांचा निरोप माझ्या जिभेवर होता. मी म्हणालो, "तुमच्या रीतीनं करा."

पंधरा दिवसांनी आणायला गेलो तेव्हा ती ओळखू येत नव्हती. आरशासारखी चमकत होती. तिच्यात मला माझं तोंड दिसलं. सत्काराला तीनच दिवस उरले होते. घरी मी आप्पांना सांगितलं, लाख अजून ओली आहे, हात लावायचा नाही. "लाख कसली?" त्यांनी विचारलं. वायर चिकटवायला लावलीय, असं ठोकून दिलं. त्यांना ते पटलं. त्यांना माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

सत्काराला हॉल भरला होता. कारागीरही मुद्दाम आले होते, पुढच्या रांगेत बसून आपलं काम न्याहाळत होते. शाल झाली, नारळ झाला. मी गिटार आप्पांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा अंगठा मानेवरून वर गेला. थांबला. परत खाली आला. मग त्यांनी पाठ चाचपली, टोक चाचपलं, वाकून वास घेतला. समोर माईक चालू होता.

"ही कुनाची हाय?"

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

"माजी कुटं हाय?" आप्पांचा आवाज चिरकला. "माजी गिटार कुटं हाय? माज्या पोरानं माजी गिटार इकली वो!"

हसणं थांबलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कारागीर उठून उभे राहिले. "अहो, तीच आहे ती, मी स्वतः..." एवढं बोलले. मी स्टेजवरून खाली उडी मारून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना दाबून खाली बसवलं. ते पुढे बोलले असते तर मी त्यांना काय सांगितलं होतं तेही बाहेर आलं असतं. त्यापेक्षा चोर ठरणं मला परवडलं. आप्पांनी वाजवलं नाही. मी त्यांना धरून गाडीत बसवलं, तेव्हा ते नातवाच्या वयाच्या पोरासारखे हुंदके देत होते. मला बरं वाटलं. नदीच्या घाटावरून गाडी वळेपर्यंत बरं वाटत होतं, त्यानंतर नाही.

आता गिटार त्यांच्याच खाटेखाली आहे. त्यांना माहीत नाही. खरं सांगावं असं मी बऱ्याचदा ठरवलं. पण विकलेली गिटार त्यांच्या दृष्टीने कुठेतरी धडधाकट आहे, आणि खरवडलेली मेलेली आहे. ते ऐकवायचं धाडस माझ्यात नाही. गेल्या आठवड्यात दुपारी चहा देत होतो तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच शांतपणे विचारलं.

"कुनाला दिलीस?"

"हाय एक. पुन्याचा."

"वाजिवतो का टांगून ठेवलीया?"

"वाजिवतो."

"कसा?"

मला नीट उत्तर देता आलं असतं. पण माझ्या तोंडून गेलं, "तुमच्यापरास लय चांगला, आप्पा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तो पडेल अशी माझी खात्री होती. पण कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या. इतकं समाधान मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"मग झ्याक झालं," आप्पा म्हणाले. "मला लय भ्या वाटायचं रं, म्या मेल्यावर ती तुज्या हाताला लागंल म्हून."

मग त्यांनी कप पुढे केला आणि अजून अर्धा कप चहा मागितला. मी ओतला.