बायोडाटात नसलेला मुका भाऊ

आता कसं सांगू आणि कुठून सुरू करू! या तोंडानं मी आजवर लई घोटाळे केलेत, पण ताईच्या बघण्याच्या दिवशी केला त्याला तोड नाही. चहा घ्या, गार होतोय. आणि हसायचं असेल तर घोट गिळून हसा, माझ्या अंगावर नको.

मी गेमर, हे तुम्हाला माहीत आहेच. घर उमापूरच्या शिवारात. वडील, म्हणजे आमचे आबा, मेंढरं राखतात. मी मात्र मेंढरांमागं कधी गेलो नाही. मी तोंडाला गमजा बांधून गेमचे व्हिडिओ करतो. चॅनलचं नाव 'गेमर गण्या'. चेहरा कुणाला दिसत नाही, पण आवाज? एकदा ऐकला की माणूस जन्मात विसरत नाही, असं माझं मत.

मतं तर माझ्याकडं पोत्यानं. हे डेव्हलपर लोक अर्धाकच्चा गेम काढतात, मग दर हप्त्याला अपडेट सोडतात, आणि आपण बसायचं डाटा जाळत! आणि त्यांचे फॅन? गेमला नावं ठेवली की जणू त्यांच्या घरावर दगड मारला! असल्या डेव्हलपरला बांधावर उभं करून जाब विचारला पाहिजे, असं मी दर व्हिडिओत म्हणायचो.

तर मागं 'कळप' नावाचा एक गेम आला. आपल्याच कुणा मराठी माणसानं एकट्यानं बनवलेला. मेंढरं हाकत गावोगाव जायचं, लांडग्यापासून वाचवायची. लोक कौतुक करत होते. मला कुणाचं कौतुक सोसतं होय? बांधला गमजा आणि अर्धा तास बोंबललो.

"गेम हाय का कॅलेंडर बे? गवत हालत न्हाई, सावली पडत न्हाई! आरं डेव्हलपर, तुज्यापरीस आमचा बोकड बरा गेम बनवील! एक स्टार द्या समद्यांनी, एक!"

आणि काय सांगू, त्याच हप्त्यात गेमचे स्टार धडाधड खाली! मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. शब्दाला वजन असणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

आता ताईचं ऐका. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, शाळेत विज्ञान शिकवते. तिला दोन स्थळं येऊन गेलेली. एकाला ती सावळी वाटली, दुसऱ्याला जास्त बोलणारी. तिसरं आलं नांदूरघाटचं. मुलाचं नाव विकास, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. फोटो बघून ताई न सांगता साडीला इस्त्री करत बसली. आईला काय समजायचं ते समजलं.

मला कोपऱ्यात घेऊन ताई म्हणाली, "गण्या, ह्ये जमलं पायजे. मनापासून वाटतंय मला. तू मंदी तोंड घालू नकू."

रविवारी सकाळी जीप आली. विकास, त्याचे वडील आणि आत्या. त्या घरात निर्णय वडिलांचा असतो आणि तो आत्या घेतात, हे दोन मिनिटांत कळलं. मी हात जोडले आणि पाणी द्यायला लागलो. आबांनी विषय काढला.

"पाव्हणं, कॉम्प्युटरमंदी नेमकं काय करताव तुमी?"

विकास लाजला. "कंपनीचं काम तर हायच. पर खरं म्हंजी मी गेम बनवतो. 'कळप' नावाचा एक केलाय, मेंढरांचा."

तांब्या माझ्या हातात होता. पडला नाही, पण पाणी निम्मं चटईवर गेलं.

"मेंढरांचा?" आबा खूश. "मंग तर आमचंच मानूस की!"

"पर एक लागलंय मनाला," विकास म्हणाला. "तुमच्या उमापूरकडचंच कुणीतरी हाय. चेहरा न्हाई, खरं नाव न्हाई. गेमला असं झोडपलंय की दोन दिस घास गेला न्हाई. एकदा गाठ पडली पायजे."

"पडली तर?" आबांनी विचारलं.

"म्होरं बसवनार हाय," विकास म्हणाला आणि त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या.

मला सांगा, चेहरा नाही, खरं नाव नाही, आणि उमापूर! आता आधार कार्ड तेवढं दाखवायचं राहिलं होतं. मी त्याच जागी ठरवलं, पाहुणे जाईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. माझा आवाज ऐकला की गेलंच सगळं!

आणि नेमकं आत्यांनी विचारलं, "तुजं शिक्शान काय रं बाळा?"

मी गळ्याकडं बोट दाखवलं आणि मान हलवली.

"घसा बसला जनू," आई म्हणाली. तिलाही हे नवीनच होतं.

आत्यांनी पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढली. "चघळ. हां. आता नाव सांग बरं."

मी चघळली आणि पुन्हा मान हलवली.

"बरं, नुसतं 'आत्या' म्हन."

मी हात जोडले. आत्यांचे डोळे बारीक झाले. "पाव्हणं, ह्यो पयल्यापासून असाच हाय का?"

"छ्या!" आबा उसळले. "काल दिवसभर बोंबलत हुता मोबाईलम्होरं! सारं शिवार ऐकत हुतं!"

आबा, आबा! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

"काल बोंबलत हुता, आन् आज पाव्हणं आल्यावर मुका?" आत्यांनी पदर सावरला. "बायोडाटात एक भाऊ लिवलाय. मुका भाऊ लिवलेला न्हाई. मुका असला तर असू द्या, आमी नावं ठिवनारी मानसं न्हाईत. पर लपवलं कावून?"

"आवो, लपवलं न्हाई..." आबा म्हणाले.

"आज ह्ये लपवलं, उद्या अजून काय निगंल! विकास, ऊठ."

बोलावं तर आवाज ओळखणार. गप्प बसावं तर घर खोटं ठरणार. घाम नाकावरून टपकत होता. आत्या उठल्या, विकासही उठायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात ताई पोह्यांचं ताट घेऊन उभी, अंगावर तीच इस्त्रीची साडी. साठ पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारी आमची ताई, तिची नजर खाली गेलेली मी पहिल्यांदा बघितली. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

"थांबा!"

आत्या दचकून खाली बसल्या. "बोललं की!"

मी विकासच्या पायावर लोळण घेतली. "मीच त्यो! गेमर गण्या मीच! बोकड मीच म्हनलो, एक स्टार मीच द्याया लावले, तुमचा गेम मीच पाडला! मला बडवा, लांडग्याम्होरं टाका, पर ताईला न्हाई म्हनू नका. तिचा ह्यात कायबी दोष न्हाई!"

विकासनं मला दोन्ही हातांनी उठवलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "कोन गेमर गण्या?"

"आवो, च्यानल... गमजावाला..."

त्यानं मोबाईल काढून शोधलं. लई वेळ शोधलं. "ह्ये व्हय? एकोणीस व्ह्यूज दिसत्यात हितं."

त्या एकोणिसातल्या बारा वेळा मीच बघितला होता, आवाज नीट आलाय का म्हणून.

"पर तुमचे स्टार?"

"त्या हप्त्यात माज्याच अपडेटनं गेम बंद पडत हुता."

"मंग झोडपलं कुनी?"

"हितं बघा." विकास वाचायला लागला. "'दुपारच्या उन्हात मेंढरू चालत नसतं. एकमेकाच्या पोटाखाली मुंडकं घालून उभं राहतं, हाकललं तरी हालत नाही. तुमची मेंढरं भर दुपारी पळतात, म्हणजे तुम्ही ती लांबूनच बघितलीत. आमच्या उमापूरला येऊन एक दिवस कळपामागं चाला, मग गेम बनवा.' एकूण एक शब्द खरा हाय. म्हनून तर घास गेला न्हाई. ह्या मानसाला म्होरं बसवून समदं इचारून घ्यायचंय मला."

"ते मी लिवलंय," दारातून ताई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. ताईनं ताट खाली ठेवलं.

"ह्यो घरात तुमच्या गेमला शिव्या देत हुता, म्हनून मी खेळून बघितला. गेम चांगलाय. मेंढरं तेवढी चुकलीत."

पुढचा तासभर ती दोघं कोकरांबद्दल बोलत होती. कोकरू आईला आवाजावरून ओळखतं का वासावरून, यावर चक्क भांडली! पोहे वाळून गेले. आत्यांनी तेच वाळलेले दोनदा मागून घेतले आणि आईला म्हणाल्या, "पोरगी बोलती चांगली." जमलं म्हणायचं! आबांनी डोळे पुसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही पुसले.

निघताना मी जीपपाशी गेलो. मान खाली घालून म्हणालो, "दाजी, त्यो व्हिडिओ आजच काढून टाकतो."

दाजींनी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या की गणेशराव. कोन बघतंय?"