दुसरी वही

माथाबांगच्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. कुणी विचारलंच तर ती सांगते, पीठ आहे. पेटीत वह्या आहेत.

लेसोथोच्या डोंगरात दवाखान्यात जाताना आपली वही आपणच न्यायची असते. दुखणं, सुई, तपासणी, सगळं तिच्यातच लिहिलेलं. घरी आल्यावर ती कपाटावर पडून राहते, आणि सासूला वाचता येतं. म्हणून काही बाया दोन वह्या करतात. एक घरी दाखवायची, दुसरी माथाबांगकडे ठेवायची.

ती गावची आरोग्यसेविका, एकोणीस वर्षांपासूनची. वय अठ्ठावन्न, गुडघे कामातून गेलेले. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून कुणाचं काही बाहेर पडलेलं नाही. पाण्यावर बाया तिला म्मे, म्हणजे आई, म्हणतात आणि हसतात, "म्मे माथाबांगला आज वार कोणता हेसुद्धा विचारू नका, तेही कुणाचं तरी गुपित निघायचं."

गावातल्या मालिनेओची लेक लिनेओ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती आठव्या महिन्यात. नवरा सीमेपलीकडे खाणीत. सासरच्यांनी तिला लग्नातच माकाबेलो, म्हणजे काबेलोची आई, हे नाव दिलेलं. काबेलो अजून जन्मायचा होता. तिकडे सासरी तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं होतं आणि वहीत शिक्का होता: एचआयव्ही नाही. इथल्या दवाखान्यात पुन्हा तपासलं, तर आहे निघालं. लिनेओ बाहेर गेली, दुकानातून कोरी वही घेऊन आली आणि नर्सला म्हणाली, "ते ह्यात लिहा."

त्याच दिवशी ती वही आणि गोळ्यांची बाटली तिने माथाबांगच्या हातात दिली.

"आईला कळू देऊ नका, म्मे. शपथ आहे तुम्हाला."

"मालिनेओ तुला खाणार आहे का?"

"मला नाही. ती सासरी जाऊन भांडेल. मग ते म्हणतील, आमच्याकडे होती तोवर चांगली होती, माहेरी जाऊन घेऊन आली. शिक्का त्यांच्याच बाजूने आहे ना."

माथाबांगने वही आणि बाटली पेटीत ठेवली.

रोज सकाळी पाण्याला जाताना लिनेओ आत येई, गोळी घेई आणि दोन मिनिटं टेकून जाई. तिसऱ्या आठवड्यात ती खोकायला लागली. पोट वाढत होतं, पण गालफडं बसत चालली होती. माथाबांग म्हणाली, "थुंकी तपासून घे." लिनेओ म्हणाली, "बाळ होऊ दे, मग." असा खोकला थांबवून ठेवायचा नसतो, हे माथाबांगला शिकवलेलं होतं. तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

ताप चढला तेव्हा लिनेओला घोड्यावर बसवून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून गाडीने जिल्ह्याच्या इस्पितळात. बरोबर मालिनेओ आणि माथाबांग. दुसरी वही माथाबांगने घोंगडीच्या आत छातीशी धरलेली होती.

"वही?" नर्सने विचारलं.

मालिनेओने जुनी वही पुढे केली. लेकीचं सगळं नीटनेटकं असल्याचा तिला अभिमान होता. नर्सने शिक्का पाहिला, पान उलटलं, न्यूमोनियाची सुई लिहिली. लिनेओने माथाबांगकडे पाहिलं. धाप एवढी होती की बोलता येत नव्हतं, पण मान हलली. नको.

माथाबांगने ठरवलं, मालिनेओ जरा उठली की सांगू. मालिनेओ उठली नाही. ती लेकीचे पाय चोळत बसली, तिथेच घोंगडी पांघरून झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाव आणायला गेली. तेव्हा माथाबांगने घोंगडीतून वही काढली.

नर्सने वाचली. "काल हे कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"तुम्ही आरोग्यसेविका ना?"

थुंकी तपासली. क्षय होता, दोन्ही फुप्फुसांत. संध्याकाळी औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, नर्सांची पाळी बदलता बदलता, लिनेओ गेली. पोटातलं मूलही गेलं.

डॉक्टरांनी मालिनेओला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि माथाबांगकडे बघत होती. गाडीत पार्थिव चढवलं. मग ती बोलली.

"तुला माहीत होतं."

"तिने शपथ घातली होती, मालिनेओ. तू सासरी जाऊन भांडशील म्हणाली."

"पोर होती ती. पोर काहीही शपथ घालते. तू म्हातारी आहेस." पार्थिवावरची घोंगडी नीट करत ती म्हणाली, "मी तिच्या सासरी नसते गेले भांडायला. खोकला दिसत होता मला. मला वाटलं, गारठा आहे."

दफन झालं. सासरकडून सहा माणसं आली, जेवली, गेली. मालिनेओने मात्र तोंड बंद ठेवलं नाही. पाण्यावर, चर्चच्या दारात, भेटेल त्याला ती सांगू लागली: ही बाई दीड दिवस माझ्या मरत्या लेकीशेजारी बसली, छातीशी वही धरून, आणि नर्सपुढेसुद्धा तोंड उघडलं नाही हिने.

माथाबांगने कुणाला काही खुलासा केला नाही. आता कुणी आपल्या दारात येणार नाही, असं ती धरून चालली. ते बरंच होईल, असंही तिला वाटलं.

पंधरा दिवसांनी वरच्या वस्तीवरची एक नवी सून आली. पाच महिन्यांची पोटुशी. तिने घोंगडीतून कोरी दिसणारी वही आणि गोळ्यांची बाटली काढली.

"म्मे, हे तुमच्याकडे ठेवा."

"माझ्याकडे कशाला? ऐकलं नाहीस का माझ्याबद्दल?"

"ऐकलं ना," सून म्हणाली. "म्हणूनच आले. तुम्ही तर इस्पितळातही सांगितलं नाहीत."

माथाबांगने तिला सासूला सांगायला सांगितलं. आईला सांग म्हणाली. निदान नवऱ्याला. सून प्रत्येक वेळी नको म्हणून मान हलवत राहिली, आणि शेवटी उठून दाराकडे निघाली. ती वही आता कुठे जाणार, हे माथाबांगला दिसत होतं: वाटेतल्या ओढ्यात, गोळ्यांसकट.

"दे इकडे," ती म्हणाली.