कुलपातले सेल

कानाचं मशीन आलं तेव्हापासून नवसाबाईंचा सुनेवर संशय होता. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू त्या पहाटे पंचवटीत आणून विकत. ऐकू कमी येऊ लागलं म्हणून मुलानं मशीन घेऊन दिलं. त्यात शर्टाच्या बटणाएवढा सेल बसे. पाकिटातला पहिला सेल चांगला चालला. पुढचे लवकर लवकर संपत गेले.

"सून पाकिटात जुने सेल भरून ठेवती," त्या शेजारच्या फूलवाल्या धोंडाबाईंना म्हणाल्या. "मला ऐकू आलेलं नको हाय तिला. चोर हाय."

नवं पाकीट त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. तरी शेवटचा सेल घातला, तर मशीन मुकं. म्हणजे किल्लीसुद्धा दुसरी करून घेतली होती तर.

"पेटी कुणी उघडली?" त्यांनी सुनेला, मंजुषाला विचारलं.

मंजुषानं गाडी काढली आणि सासूला मशीनच्या दुकानात नेलं.

तिथल्या तृप्तीनं मशीनमध्ये नवा सेल घातला आणि रिकामं पाकीट उलटंपालटं केलं. "आजी, सेलवरचे स्टिकर कुणी काढले?"

"मीच. पाकीट आणलं की सगळे काढून ठेवती. पहाटे गार बोटांनी निघत नाय."

"तिथंच चुकलं. या सेलला बारीक भोकं असतात. स्टिकर निघाला की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो. मग वापरा, नाहीतर पेटीत ठेवा, संपतोच."

नवसाबाईंना पटेना. "ट्रॅक्टरची बॅटरी महिना महिना पडून राहती की."

"ती वेगळी. तिच्यात सहा सेल एकमेकांना जोडलेले असतात, आणि उतरली की पुन्हा चार्ज होते. हा एकटा सेल. संपला की टाकायचा."

नवसाबाईंनी एकदा मंजुषाकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती.

परतताना त्या म्हणाल्या, "मी धोंडाबाईजवळ तुला चोर म्हटलं."

मंजुषानं गाडी बाजूला घेतली. "मग खरं काय तेही त्यांनाच सांगा, आई."

दुसऱ्या दिवशी बाजारात नवसाबाईंनी ते सांगितलं, चार जणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मंजुषा घरात कामापुरतंच बोलत राहिली. आता तिचा एकेक शब्द सासूला स्वच्छ ऐकू येत होता.