चांदण्यांच्या रेघांना पडलेली खाच

मॅट्रिक पास झाले तेव्हा मला सायन्सचे वेड लागले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. सायन्स शिकायचे तर नागपूर गाठावे लागे. मुलीला इतक्या लांब पाठवायचे म्हणून बाबांनी अट घातली. "पृथ्वी फिरते म्हन्तं ना तू? दाखव मले, मंग जाय नागपूरले." वर खवचटपणे विचारले, "फिरते त आपली इहीर काऊन सांडत नाही?"

मी मुळात भांडखोर. म्हटले, आता दाखवतेच!

मामांचा जळगाव जामोदला फोटोचा स्टुडिओ होता. त्यांचा कॅमेरा वरवट बकालच्या आमच्या शेतात आणला, उभ्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, दोरीने करकचून बांधला आणि त्याचे तोंड ध्रुवाकडे केले. वैशाखातली अवस होती. जेवणे झाल्यावर भिंगाचे झाकण काढले आणि दोन तास कुणाला कंदील लावू दिला नाही. बैल नेहमीसारखे बंडीच्या चाकालाच बांधलेले. त्यात काही चुकतेय हे माझ्या डोक्यातही आले नाही.

चार दिवसांनी मामा फोटो घेऊन आले. काय सांगू! जात्याभोवती पीठ सांडावे तशा ध्रुवाभोवती चांदण्यांच्या गोल गोल रेघा. मी नाचायचीच काय ती बाकी राहिले.

बाबा हसले. "हे त आभायच फिरून राह्यलं. माह्यच खरं निंगालं."

माझे तोंड एवढेसे झाले. फोटोत पृथ्वी होती कुठे? माझ्याच पुराव्याने माझे नागपूर बुडवले होते. त्यात मामा म्हणाले, "फोटोची काचबी वाया गेली, दाजी. पाहा ना, हरेक रेघ मधातच तुटून बाजूले सरकली."

बाबांनी फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"कडबा मीच टाकला होता. पांढऱ्या बैलानं हिसका देल्ला न बंडी सरकली," ते म्हणाले. त्यांचे बोट एका खाचेवरून दुसरीवर जात होते. "हालली बंडी. अन् इथं त साऱ्या चांदण्याच उडी मारल्यावानी दिसतात!"

"तेच त सांगून राह्यली मी, बाबा!" मी ओरडलेच.

एवढ्याने पृथ्वी फिरते असे सिद्ध होत नाही, हे मला पुढे कळले. पण त्या क्षणी मला आभाळ ठेंगणे झाले होते.

"मंग या गोल रेघा..." बाबांनी पायाखालच्या भुईकडे पाहिले, "आपलीच बंडी फिरत असन?"

"हाव! इहिरीसकट!"

हरलो असे काही बाबा म्हणाले नाहीत. फोटो धोतराच्या सोग्याने पुसून माझ्या हातात दिला आणि मामांना विचारले, "नागपूरचं कॉलेज कवा उघडते?"